गिऱ्हाइकाची पत आणि न पोंचलेलें पार्सल

आगाऊ पैसे मोजले, माल हातीं आला नाहीं, आणि 'माल आला नाहीं' एवढेंच ज्यानें सांगितलें, त्या गिऱ्हाइकास लबाडांच्या यादींत बसविण्याचा अधिकार विकणाऱ्यास कोणीं दिला, हा प्रश्न आम्ही या लेखांत विचारणार आहों. प्रश्नाचें निमित्त आमच्याच घरचें आहे. तें आधींच सांगून टाकितों, म्हणजे त्रयस्थपणाचा आव आणून आम्हीं आपलेंच गाऱ्हाणें गाइलें, असा आक्षेप वाचकांस मागाहून घ्यावा लागणार नाहीं.

आम्ही नाशिक जिल्ह्यांत कळवणास राहतों. आमच्या शेजारच्या एक बाई शिवणकामावर घर चालवितात. गेल्या वर्षीं ऐन लग्नसराईंत त्यांच्या यंत्राची विजेची मोटार जळाली. त्या मापाची मोटार गांवांत मिळेना. नाशिकास जावें तर पाऊणशें किलोमीटरांची वाट, आणि एका दिवसाची कमाई बुडालेली. त्यांच्या मुलीनें मोबाईलवरून माल विकणारा एक परगांवचा दुकानदार शोधून काढला, आणि आम्हीं आमच्या नांवावर, आमच्याच मोबाईलवरून, १८५० रुपये आगाऊ भरून ती मागविली. आठ दिवसांनीं संदेश आला कीं माल पोंचला. पुराव्यादाखल एका दाराचें छायाचित्र जोडलें होतें. दार निळें होतें. आमच्या गल्लींत निळें दार एकही नाहीं. आम्हीं त्याच दिवशीं दुकानदारास तसें कळविलें; त्यानें चौकशी करितों म्हटलें, आणि अठरा दिवसांनीं पैसे परत केले. येथवर कोणाचें फारसें चुकलें असें आम्ही म्हणणार नाहीं.

पुढें पंधरवडा लोटला नाहीं तोंच नाशिकास कापडाचा धंदा करणाऱ्या आमच्या भाच्यानें आम्हांस एक चित्र पाठविलें. विक्रेत्यांच्या एका व्हॉट्सॲप गटांत फिरणारी ती यादी होती. तींत आमचें नांव होतें, मोबाईलचा क्रमांक होता, पत्ता होता, आणि पुढें शेरा होता: 'माल घेऊन मिळाला नाही म्हणणारे. सावध राहा.' चित्राखालीं भाच्यानें विचारलें होतें, "मामा, हे तुम्हीच का?"

गोष्ट येथें संपली असती तर आम्ही ती गिळून गप्प बसलों असतों. परंतु दीड महिन्यानें तें पार्सल सांपडलें! अभोण्यास आमच्याच आडनांवाचें एक घर आहे. घरची मंडळी बाहेरगांवीं लग्नास गेली होती, आणि शेजाऱ्यांनीं तें पार्सल घेऊन भलेपणानें सांभाळून ठेविलें होतें. दार अर्थात् निळें. आम्हीं मोटार आणिली आणि दुकानदारास पैसे पुन्हां पाठविले. त्यानें ते घेतले, आभार मानिले, पण यादींतलें नांव काढण्याविषयीं विचारतांच म्हणाला, "साहेब, ती यादी आता माझ्या हातात राहिली नाही. पुढे कोणी कोणाला पाठवली, मला काय माहीत?" हा मनुष्य दुष्ट नव्हता, हें आम्ही मुद्दाम लिहितों. दुष्टानें केलेल्या बदनामीस उपाय असतात. साध्यासुध्या मनुष्यानें, चार मिनिटांच्या रागांत, धंद्याची रीत म्हणून केलेल्या बदनामीस मात्र कोणी बदनामी म्हणत देखील नाहीं, आणि आमचा रोख ह्या रीतीवर आहे.

'माल मिळाला नाहीं' हें वाक्य म्हणजे काय, हें आधीं नीट पाहिलें पाहिजे. ती शिवी नव्हे, दुकानदाराच्या सचोटीवर घेतलेला आक्षेपही नव्हे; ती एक खबर आहे. माल बांधला दुकानदारानें. वाहून नेणारा निवडला त्यानें, किंवा ज्या बाजाराच्या मार्फत विक्री झाली त्या बाजाराच्या चालकांनीं. वजन, वेळ, छायाचित्र, सही ह्या सर्वांची नोंद वाहणाऱ्यापाशीं. माल कोठें गेला हें ह्या सर्व मंडळींत ज्यास सर्वांत कमी ठाऊक असणार तें गिऱ्हाईक. त्याच्यापाशीं दाखविण्यास रिकाम्या हातांवांचून दुसरें कांहीं नाहीं. आणि रिकामे हात सिद्ध कसे करावयाचे? घडलेल्या गोष्टीस साक्षीदार मिळतो. न घडलेल्या गोष्टीस तो कोठून आणावा? म्हणूनच जो एकादी गोष्ट घडली असें म्हणतो त्यानेंच ती सिद्ध करावी, असें पुराव्याच्या कायद्याचें धोरण आहे. १८७२ च्या जुन्या कायद्यांत तें होतें, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही तें आहे. 'माल पोंचविला' हें विधान दुकानदाराच्या बाजूचें आहे. तें सिद्ध करण्याचें ओझें यादींतल्या एका शेऱ्यानें गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टाकिलें जातें, आणि तेंही त्यास न कळवितां.

दुकानदाराचे वकील येथें १९३० चा मालविक्रीचा कायदा पुढें करतील. त्याच्या एकोणचाळिसाव्या कलमाप्रमाणें, गिऱ्हाइकाकडे नेण्यासाठीं माल वाहणाऱ्याच्या हवालीं केला म्हणजे तो प्रथमदर्शनीं गिऱ्हाइकाच्याच हवालीं झाला असें समजतात. समजतात खरें, पण प्रथमदर्शनीं. शिवाय वाहणाऱ्याशीं योग्य तो करार करण्याची जबाबदारी तेंच कलम विक्रेत्यावर टाकितें, तें वाचण्याचे श्रम ही वकीलमंडळी सहसा घेत नाहींत. पण आम्ही क्षणभर त्यांचें सर्व म्हणणें मान्य करितों. वाटेंतली जोखीम गिऱ्हाइकाची ठरली असें धरूं. तरी त्यावरून फार तर पैसे कोणाचे बुडाले एवढें ठरेल. लबाड कोण हें त्यावरून कसें ठरतें?

आतां आमच्या तालुक्याकडे या. कळवण शहर सोडून गिरणेच्या कांठानें वर चालूं लागलें कीं अभोणें लागतें, पुढें चणकापूरचें धरण, आणि त्याच्या आसपास कनाशी, दळवट अशीं गांवें व डोंगरांच्या कुशींत विखुरलेले आदिवासींचे पाडे. दुसऱ्या बाजूस नांदुरी आणि सप्तशृंगीचा गड. चैत्रांत आणि नवरात्रांत त्या रस्त्यावर यात्रेकरूंची अशी दाटी होते कीं पार्सल घेऊन निघालेली दुचाकी तेथें अडकली तर तिला दोष देण्यांत अर्थ नाहीं. पाड्यांवर घरांस क्रमांक नसतात, असले तर दारावर लिहिलेले नसतात. पत्ता म्हणजे 'शाळेच्या मागें, पाण्याच्या टाकीजवळ'. पवार, पगार, बागूल ह्या आडनांवांचीं घरें तर एकेका गांवांत इतकीं, कीं नुसत्या आडनांवानें हांक मारली असतां अर्धी आळी बाहेर यावी.

पार्सलें वाटणारा एक मुलगा आमच्या ओळखीचा आहे. त्यास आम्हीं सरळ विचारिलें, न दिलेलें पार्सल दिलें म्हणून कसें लागतें? तो ओशाळला नाहीं. "काका, डोंगराकडे रेंज नसते. खाली आल्यावर सगळ्या पार्सलांवर एकदम बोट फिरवावं लागतं. पोचलं तर पैसे, नाहीतर फेरा फुकट." दिवसभरांत चाळीस दारें पालथीं घालणाऱ्या ह्या पोराच्या बोटाची एक चूक, आणि पांचशें मैलांवरच्या दुकानदाराच्या पडद्यावर ती 'माल पोंचला' ह्या ठाम सत्याचें रूप घेते. ह्या सत्यास जो नाहीं म्हणेल तो लबाड!

कोणी म्हणतील, एका तक्रारीवरून आम्ही कोणास वाईट ठरवीत नाहीं. आम्ही फक्त तक्रारी मोजतों, आणि आंकड्यास कोठें राग-लोभ असतो? ह्या युक्तिवादाचा डौल मोठा आहे, पण तो आंतून पोकळ आहे. समजा, नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर शंभरांतलें एक पार्सल हरवतें आणि दळवटाकडे शंभरांतलीं पांच. दोन्हीकडच्या दोन प्रामाणिक कुटुंबांनीं वर्षांत वीस वीस वस्तु मागविल्या. तीन वर्षांत दळवटच्या कुटुंबाच्या खात्यावर तीन तक्रारी जमतील. नाशिकच्या कुटुंबाच्या खात्यावर कदाचित् एकही नसेल. दोघांच्या प्रामाणिकपणांत काडीचा फरक नाहीं. फरक रस्त्यांत आहे. आंकडा मोजतो तो रस्ता, आणि नांव मात्र मनुष्याचें लावितो. ज्याची वाट वाईट त्याची पत वाईट, हा न्याय आमच्या तालुक्यास तरी परवडणारा नाहीं. (गांवाचें नांवच कळवण, आणि न पोंचलेलें कळविणें हाच येथें गुन्हा ठरावा, ह्यास काय म्हणावें?)

पिनकोडचेंही असेंच झालें आहे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. ती बसविणारे टपाल खात्यांतले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्याच महाराष्ट्रांतले, आणि संस्कृतचे कवि. एका नांवाचीं अनेक गांवें, नाना भाषा, नाना लिप्या, अपुरे पत्ते, ह्या सर्व गोंधळांतून पत्र ज्याचें त्यास मिळावें म्हणून त्यांनीं हे सहा आंकडे योजिले. आतां तेच सहा आंकडे पाहून माल आल्यावर पैसे देण्याची सवलत अमक्या गांवास द्यावी कीं नाहीं तें ठरतें. मनुष्य सांपडावा म्हणून केलेली खूण मनुष्य टाळावा म्हणून वापरली जात आहे. वेलणकरांच्या स्वप्नांतही हें आलें नसेल.

येथवर वाचून एकादा विक्रेता संतापला असेल, आणि त्याचा संताप सर्वस्वीं अनाठायीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. माल घेऊन, पिशवी फोडून, पदार्थ वापरून 'मिळालाच नाहीं' म्हणणारीं गिऱ्हाइकें आहेत. येवल्याच्या एकाद्या विणकरानें महिना महिना मागावर बसून केलेली पैठणी अशी गेली तर त्याचें नुकसान आमच्या शेजारणीच्या मोटारीपेक्षां कितीतरी मोठें. माल आल्यावर पैसे देतों म्हणून मागवावयाचें आणि दारांत आल्यावर 'नको' म्हणून परत पाठवावयाचें, हा प्रकार तर रोजचा. जाण्याचें भाडें, येण्याचें भाडें, चुरगळलेला माल, सर्व विक्रेत्याच्या अंगावर. हें दुखणें नवें नाहीं. आपल्या टपाल खात्यानें व्ही. पी. ची सोय १८७७ सालीं केली, आणि जुन्या मराठी मासिकांच्या फायली ज्यांनीं चाळल्या असतील त्यांस 'व्ही. पी. परत करूं नये' ही संपादकांची काकुळतीची विनवणी ओळखीची असेल. वर्गणीदार आपण होऊन व्ही. पी. मागवी आणि पोस्टमन दारांत आला कीं घरांत नसे! त्या वर्गणीदाराची बाजू आम्ही घेणार नाहीं.

पण त्याच मासिकांची दुसरी चालही लक्षांत घ्यावी. अमुक तारखेपर्यंत अंक न मिळाल्यास कळवावें, अशी सूचना मासिकें स्वतःच छापीत आलीं आहेत. टपालांत अंक गहाळ होतात हें त्यांस ठाऊक असे. ज्यानें व्ही. पी. परत केली त्याच्यावर संपादक रागावत. पण ज्यानें वर्गणी आगाऊ भरून 'अंक आला नाहीं' असें पत्र टाकिलें, तो अंक गिळून खोटें बोलत आहे, असा बोभाटा कोणा संपादकानें केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. हा भेद त्या काळच्या मंडळींस कोणीं शिकवावा लागला नाहीं. आज तोच भेद पुसला गेला आहे. आगाऊ पैसे भरून माल न मिळालेला, आणि मागविलेला माल दारांतून परत लाविलेला, हे दोघे आजच्या यादींत एकाखालीं एक बसतात.

भेदाचें मूळ एवढेंच कीं व्यवहारांत आधीं विश्वास कोणीं टाकिला. ज्यानें आपली वस्तु किंवा आपले पैसे आधीं हातावेगळे केले, तो उघडा पडला. ओरडण्याचा पहिला हक्क त्याचा. व्ही. पी. त विक्रेता उघडा पडतो, तेव्हां त्याची ओरड आम्ही ऐकूं. आगाऊ पैसे भरले तेव्हां गिऱ्हाईक उघडें पडतें, आणि तेथें ओरड मात्र विक्रेत्यानें करावी, हें उलटेंच आहे. आपल्या जुन्या सावकारांस ही गोष्ट पक्की ठाऊक होती. 'जोखमी हुंडी' म्हणून एक प्रकार असे. गलबतावर भरलेल्या मालावर ती काढीत; माल ठरल्या बंदरीं सुखरूप लागला तरच तिचे पैसे देणें लागे, आणि माल बुडाला तर हुंडीही बुडे. वाटेंतली जोखीम कोणाची हें कागदाच्या नांवांतच सांगितलेलें! माल आला नाहीं म्हणून पैसे न देणाऱ्यास त्या पेढ्यांवर कोणी नादार म्हणत नसे.

आमच्या शेतकऱ्यांस तर हें समजावून सांगण्याची गरजच नाहीं. कळवण आणि अभोणें येथील बाजारांत तो कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन जातो, लिलाव होतो, कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामा होतो, आणि मग पैसे हातीं यावयाचे असतात. येथें विकणारा उघडा आहे. व्यापाऱ्यानें शेतकऱ्यांचे पैसे थकविल्याच्या हकीकती नाशिक जिल्ह्यांत नव्या नाहींत, आणि अशा व्यापाऱ्याचें नांव गांवोगांव झालें तर आम्हांस त्याचें वाईट वाटणार नाहीं. तरीही पाहा: १९६३ च्या बाजार समित्यांच्या कायद्यानें व्यापाऱ्याचा परवाना काढून घेण्याचा अधिकार समितीस दिला आहे, पण त्याचें म्हणणें मांडण्याची संधि दिल्यावांचून तो काढतां येत नाहीं. लाखोंचा कांदा थकविल्याचा आरोप असलेल्या व्यापाऱ्यास 'तुझें काय म्हणणें आहे?' असें विचारावयाचें, आणि शिवणयंत्राच्या मोटारीची वाट पाहणाऱ्यास विचारावयाचें नाहीं!

आतां समतेचा मुद्दा. विक्रेते म्हणतात, गिऱ्हाइकें आम्हांस उघड उघड तारे देतात, एकच तारा देऊन आमचा धंदा बसवितात. मग आम्हीं त्यांस शेरा दिला तर बिघडलें कोठें? ऐकावयास हें गोड आहे. पण दुकान हें चारचौघांसाठीं मांडलेलें असतें. दुकानाची पाटी हें धंद्याचें नांव. तें बिघडलें तर बदलतां येतें, आणि बदलणारे बदलतातही. गिऱ्हाइकाचें नांव, त्याचा मोबाईल क्रमांक, त्याच्या घरचा पत्ता हीं त्यानें माल घरीं यावा एवढ्यासाठींच दिलेलीं असतात. तीं त्याच्याच विरुद्ध वापरणें ह्यास समता म्हणत नाहींत, विश्वासघात म्हणतात. शिवाय गिऱ्हाइकाचा तारा वस्तूविषयीं असतो: कापड विटलें, भांडें चेपलें होतें. विक्रेत्याचा शेरा मनुष्याच्या चारित्र्याविषयीं असतो. दोहोंस एकाच तागडींत घालणाराची तागडी आधीं तपासावी.

आणि हा प्रयोग जगांत होऊन चुकला आहे. अमेरिकेंत १९९५ सालीं निघालेल्या ईबे ह्या लिलावाच्या बाजारांत त्याचे संस्थापक पियर ओमिद्यार ह्यांनीं १९९६ सालीं परस्परांस शेरे देण्याची सोय केली: गिऱ्हाइकानें विक्रेत्यास द्यावा, विक्रेत्यानें गिऱ्हाइकास. २००४ सालीं बाझी ही भारतीय पेढी विकत घेऊन ईबे आपल्या देशांतही आला. त्याची येथील शाखा २०१८ सालीं बंद झाली. ह्या दुहेरी शेऱ्यांचें फळ काय निघालें? पॉल रेझ्निक व रिचर्ड झेकहाउझर ह्या दोघां अभ्यासकांनीं १९९९ सालच्या व्यवहारांची तपासणी केली, तेव्हां गिऱ्हाइकांनीं विक्रेत्यांविषयीं दिलेले शेंकडा ९९.१ शेरे अनुकूल होते! इतका सद्गुणी बाजार पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. खरें कारण अर्थात् निराळेंही होतें. गिऱ्हाइकानें वाईट म्हटलें कीं विक्रेता उलट वाईट म्हणे. तेव्हां भल्या माणसानें गप्प बसावें हेंच बरें. अखेर २००८ सालीं ईबेनें विक्रेत्यांस गिऱ्हाइकाविषयीं प्रतिकूल शेरा देण्याची बंदी केली. विक्रेत्यांनीं आरडाओरडा केला, बहिष्कारही पुकारला. पण बंदी उठली नाहीं. पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार बाजाराच्या चालकांकडे करण्याची आणि नको असलेल्या गिऱ्हाइकास आपल्यापुरतें दूर ठेवण्याची वाट विक्रेत्यांस मोकळी राहिली. आमचें म्हणणें ह्याहून अधिक नाहीं. तक्रार जरूर करा, पण जो चौकशी करूं शकतो त्याच्याकडे करा.

जी चाल परदेशच्या बाजारानें अनुभवानें टाकून दिली ती आपल्याकडे मागच्या दारानें आली आहे, आणि पूर्वीपेक्षां वाईट रूपानें. ईबेवरचा शेरा निदान ज्याच्याविषयीं लिहिला त्यास दिसत तरी असे. खालीं उत्तर लिहितां येत असे. आजची यादी गिऱ्हाइकास दिसतच नाहीं. आमचा भाचा कापडाचा धंदा करीत नसता तर आम्हांस ती कधींच कळती ना.

कायदा काय म्हणतो? ग्राहकांची बाजू मांडण्याची परंपरा महाराष्ट्रांत जुनी आहे. बिंदुमाधव जोशी ह्यांनीं १९७४ सालीं पुण्यास ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हां देशांत ग्राहकासाठीं स्वतंत्र कायदाही नव्हता. तो १९८६ सालीं झाला, आणि त्याच्या जागीं २०१९ चा कायदा आला. ह्या नव्या कायद्यानें गिऱ्हाइकास आपण राहतो त्याच जिल्ह्यांत फिर्याद करितां येते, म्हणजे कळवणच्या मनुष्यास नाशिकपलीकडे जावें लागत नाहीं. २०२० च्या ई-वाणिज्याच्या नियमांप्रमाणें तक्रारीची पोंच अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते आणि निकाल एका महिन्यांत लावावा लागतो. हें सर्व ठीक आहे. पण विक्रेत्यानें गिऱ्हाइकाविषयीं टिपण ठेवावें तर कोणत्या मर्यादेंत, ह्याबद्दल त्या नियमांत आम्हांस एकही ओळ आढळली नाहीं. तक्रार करण्याचा हक्क दिला, आणि तक्रार केल्याबद्दल होणाऱ्या शिक्षेपासून संरक्षण द्यावयाचें राहिलें.

ह्याच देशांत कर्जदारांच्या यादीची काय व्यवस्था आहे तीही पाहावी. कोणीं कर्ज फेडलें, कोणीं थकविलें, ह्याच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांसाठीं २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. आपली नोंद वर्षांतून एकदां फुकट पाहण्याचा हक्क कर्जदारास आहे. चूक असेल तर दुरुस्त करून मागतां येते; आणि तीस दिवसांत तक्रारीचा निकाल लागला नाहीं तर दर दिवसास शंभर रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा हुकूम आहे. कोट्यवधींचें कर्ज थकविणाऱ्यास एवढी इभ्रत! अमक्यानें अठराशें रुपयांची मोटार लाटली असें लिहिणाऱ्यावर मात्र कोणाचाही अंकुश नाहीं. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यांत चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क लिहिला आहे हें आम्ही विसरलों नाहीं. पण पन्नास मोबाईलांत उतरलेली यादी दुरुस्त करण्यास कोणापुढें उभें राहावें? अब्रुनुकसानीचा दावा लावा असेंही सांगणारे भेटतील. शिलाईच्या पैशांवर जगणारी बाई वकील लावील, अशी ज्यांची समजूत असेल त्यांस आम्ही दुरूनच नमस्कार करितों.

आम्हांस विक्रेत्यांचे हात बांधावयाचे नाहींत. ज्यानें फसविलें त्याची नोंद ठेवावी. परंतु 'मिळालें नाहीं' हा उद्गार म्हणजेच फसवणूक असें धरून नव्हे, तर वाहणाऱ्याकडे विचारून, छायाचित्रांतलें दार कोणाचें तें पाहून, आणि ज्याच्याविषयीं लिहावयाचें त्यास आधीं विचारून. पार्सल देतांना संकेताचे चार आंकडे विचारून घेण्याची जी पद्धत पुष्कळ ठिकाणीं पडली आहे ती पडावी तितकी थोडी. तिनें विक्रेत्यास खरा पुरावा मिळतो आणि गिऱ्हाइकास खरी ढाल. मात्र जेथें रेंजच नाहीं तेथें ते आंकडे यावयाचे कसे, हें शहरांत बसून नियम करणारांनीं एकदां दळवटास येऊन पाहावें. आगाऊ पैसे भरणारांची आणि माल परत लावणारांची गल्लत तर आजच्या आज थांबवितां येईल. त्यासाठीं कायदा लागत नाहीं. आणि लिहिलेली नोंद चुकीची ठरली तर जितक्यांस ती पाठविली तितक्यांस चूक झाल्याचेंही पाठवावें. आमच्या दुकानदारानें पैसे मिळाल्यावर आभाराच्या दोन ओळी लिहिल्या, तशाच आणखी दोन त्या गटांत लिहावयाच्या होत्या. त्यास श्रम पडले असते असें नाहीं. त्यास तें सुचलेंच नाहीं.

आमच्या शेजारणीची मोटार उत्तम चालली आहे. गेल्या महिन्यांत त्यांस पिको-फॉलसाठीं रंगीत रिळांची एक पेटी हवी होती. ती मोबाईलवर स्वस्त दिसली म्हणून आम्हीं मागवूं का असें विचारिलें. त्या म्हणाल्या, "नको भाऊ, तुमच्या नावावर नको. पुन्हा कुठं अडकली, तर आपल्याला नाही आली म्हणायचीसुद्धा चोरी." दुसरे दिवशीं सकाळच्या एसटीनें त्या मालेगांवास गेल्या, आणि दिवसाची शिलाई बुडवून रिळें घेऊन संध्याकाळीं परत आल्या.